बिस्मथ व्हॅनाडेटचा फोटोॲनोड: आधी गळती शोधा, मग डागडुजी

सूर्यप्रकाशावर पाण्याचे विघटन करणारा इलेक्ट्रोड (फोटोॲनोड) तयार झाला, प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी निघाला, की बहुतेकांचा हात आधी डोपिंगच्या (थरात परका अणू मिसळण्याच्या) बाटलीकडे जातो. मॉलिब्डेनम घालून बघू, नाहीतर टंगस्टन, नाहीतर वरून कोबाल्टचा लेप. महिनाभराने टेबलावर वीस नमुने असतात आणि कशामुळे काय झाले ते सांगता येत नाही. प्रवाह बुडण्याच्या जागा तीनच: प्रकाश शोषताना, शोषल्यावर इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन जागा) वेगळे होताना, आणि पृष्ठभागावर पोहोचलेल्या होलची पाण्याशी अभिक्रिया होताना. तिन्हींचे औषध वेगळे. म्हणून इथे आधी साधा इलेक्ट्रोड करायची रीत, मग गळती मोजायची रीत, आणि दुरुस्त्या त्यानंतर दिल्या आहेत.

उदाहरण घेतले आहे बिस्मथ व्हॅनाडेटचे. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर हा प्रयोग दाखवला, पण त्याचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा) ३ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असल्याने तो फक्त अतिनील प्रकाश घेतो. बिस्मथ व्हॅनाडेटचा बँड गॅप सुमारे २.४, म्हणजे साधारण ५१५ नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश त्याला चालतो. प्रमाणित सूर्यप्रकाशात (एएम १.५ जी, १०० मिलिवॅट प्रति चौ. सेंमी) त्याची कमाल मर्यादा सुमारे ७.५ मिलिअँपिअर प्रति चौ. सेंमी. त्याचा कंडक्शन बँड (सुटलेल्या इलेक्ट्रॉनची पातळी) हायड्रोजनच्या विभवाच्या जवळ असल्याने बाहेरून फार व्होल्टेज द्यावे लागत नाही. दोष मात्र ठळक आहेत. होल १०० नॅनोमीटरच्या आतच पुनर्मीलनात (इलेक्ट्रॉनशी परत जुळून) संपतो, इलेक्ट्रॉन मंद चालतात, आणि पाण्याच्या ऑक्सिडेशनला त्याचा उघडा पृष्ठभाग आळशी आहे.

होलची चाल इतकी तोकडी असेल तर कणच लहान हवेत, म्हणजे होल जिथे जन्मेल तिथून द्रावण जवळ असेल. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात टे वू किम आणि क्यूंग-शिन चोई यांनी २०१४ मध्ये हेच साधले: आधी बिस्मथ ऑक्सीआयोडाइडच्या उभ्या पातळ पापड्या विद्युतनिक्षेपणाने (विजेच्या मदतीने द्रावणातून) बसवल्या आणि मग त्यांना व्हॅनेडियम देऊन सच्छिद्र बिस्मथ व्हॅनाडेट केले. खालची रीत मुळात त्यांचीच. तिला महागडे व्हॅक्यूम यंत्र लागत नाही. पोटेन्शिओस्टॅट (ठरावीक व्होल्टेज लावून प्रवाह मोजणारे यंत्र), पीएच मीटर आणि तापवाढ नियंत्रित करता येणारी मफल फर्नेस पुरते.

पहिली पायरी: काच

एफटीओ काच (फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइडचा वाहक लेप असलेली) घ्या. साबणाचे पाणी, डिस्टिल्ड पाणी, ॲसिटोन आणि आयसोप्रोपेनॉल या क्रमाने प्रत्येकी १०-१५ मिनिटे अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुवा. मल्टिमीटरने वाहक बाजू कोणती ते बघून उलट्या बाजूला कोपऱ्यात खूण करा. ही खूण न करता पुढे गेलेल्यांनी साध्या काचेवर निक्षेपण करायचा प्रयत्न केल्याची उदाहरणे प्रत्येक प्रयोगशाळेत सापडतील. स्वच्छ काचेवर पाण्याचा थेंब सपाट पसरतो. गोल उभा राहिला तर तेलकटपणा शिल्लक आहे, पुन्हा धुवा. १ × १.३ सेंमी जागा उघडी ठेवून बाकीची काच पॉलिइमाइड चिकटपट्टीने झाका. भट्टीत घालण्याआधी ही पट्टी काढायची आहे.

दुसरी पायरी: लाल पापड्या

५० मिली पाण्यात ३.३२ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवा (०.४ मोलर). सौम्य नायट्रिक आम्लाने पीएच १.७ करा, १ मोलर आम्ल साधारण १ मिली लागते. आता ०.९७ ग्रॅम बिस्मथ नायट्रेट पेंटाहायड्रेट घाला (०.०४ मोलर) आणि ढवळा. द्रावण नारिंगी-लाल पण पूर्ण पारदर्शक झाले पाहिजे. हा क्रम बदलू नका. आधी बिस्मथ घालून मग आम्ल घातले, किंवा आम्ल कमी पडले, तर विटकरी गाळ बसतो आणि तो मग हट्टाने विरघळत नाही. उलट संहत नायट्रिक आम्ल सरळ ओतले तर आयोडाइडचे आयोडीन होऊन द्रावण तपकिरी पडते. असे द्रावण फेकून द्या.

वेगळ्या बीकरमध्ये २० मिली ॲब्सोल्यूट इथेनॉलमध्ये ०.५ ग्रॅम पी-बेंझोक्विनोन विरघळवा (०.२३ मोलर). ते पहिल्या द्रावणात हळूहळू घालत काही मिनिटे जोरात ढवळा. निक्षेपण खरे घडवतो तो हा बेंझोक्विनोन. इलेक्ट्रोडवर त्याचे हायड्रोक्विनोन होताना हायड्रोजन आयन खर्च होतात, काचेलगतच्या पातळ थरात पीएच वर जातो, आणि बिस्मथ ऑक्सीआयोडाइड नेमके तिथेच जमते. म्हणून बेंझोक्विनोन जुना असेल तर सगळे बिघडते. चांगला माल पिवळा असतो. तपकिरी-काळपट झालेला वापरू नका. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, आणि वजन करणे, मिसळणे हे सगळे फ्यूम हूडमध्ये करा. त्याची वाफ डोळ्यांना घातक आहे.

तीन इलेक्ट्रोडची मांडणी करा: एफटीओ, प्लॅटिनम आणि सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड (हा रेफरन्स, म्हणजे व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजायचे तो). रेफरन्सच्या तुलनेत −०.१ व्होल्टवर खोलीच्या तापमानाला ३ ते ५ मिनिटे. आयोडाइडमध्ये वापरलेला रेफरन्स इलेक्ट्रोड याच कामासाठी राखून ठेवा. आयोडाइड आत शिरून सिल्व्हर आयोडाइड झाले की त्याचे विभव सरकते, आणि मग पुढची सगळी मोजमापे त्या चुकीवर उभी राहतात.

थर समान लालसर-नारिंगी दिसला पाहिजे. पाण्याने हलकेच धुवा, पाण्याची धार थरावर सोडू नका. पट्टे दिसले तर ढवळणी चालू राहिली होती किंवा काच तिरकी होती. निक्षेपण स्थिर द्रावणात करायचे असते.

तिसरी पायरी: व्हॅनेडियमचा थेंब आणि भट्टी

व्हॅनाडिल ॲसिटिलॲसिटोनेट ०.५३ ग्रॅम, डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, हा द्रावक) १० मिली (०.२ मोलर). १८.५ अंशांखाली डीएमएसओ गोठतो, म्हणून एसीच्या खोलीत सकाळी बाटली दगड झालेली सापडते. कोमट पाण्यात धरा. पावसाळ्यात बाटली उघडी ठेवू नका, तो हवेतली ओल झपाट्याने पितो. हातमोजे आवश्यकच, कारण डीएमएसओ त्वचेतून आत जाताना सोबत विरघळलेले व्हॅनेडियमही घेऊन जातो.

काच पूर्ण आडवी ठेवा. मायक्रोपिपेटने ०.१५ ते ०.२ मिली द्रावण लाल थरावर सोडा. थेंब थराच्या कडेपर्यंत जाऊन तिथेच थांबला पाहिजे. तो फुगीर पण अखंड दिसतो आणि खालचा लाल रंग त्यातून गडद भासतो. एका बाजूला ओघळला तर त्या बाजूला बिस्मथ व्हॅनाडेट आणि दुसऱ्या बाजूला फिकट पिवळसर बिस्मथ ऑक्साइड मिळेल. व्हॅनेडियम इथे गरजेपेक्षा कितीतरी पट जास्त घालतात, आणि ते मुद्दाम. कमी पडलेले नंतर भरून काढता येत नाही, जास्त झालेले धुऊन टाकता येते.

हवेत २ अंश प्रति मिनिट या वेगाने ४५० अंशांवर न्या, तिथे २ तास ठेवा, भट्टीतच थंड होऊ द्या. नुसत्या तापवाढीलाच साडेतीन तास जातात. घाई केलीत तर डीएमएसओ उकळून थर फोडतो आणि पापड्यांचा सच्छिद्रपणा जातो. आयोडीन आणि डीएमएसओची वाफ निघते, त्यामुळे भट्टीला एक्झॉस्ट हवा.

बाहेर येणारा नमुना पिवळा-तपकिरी आणि खरखरीत दिसतो. वरचा तपकिरीपणा व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचा. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये (१०० मिलीला ४ ग्रॅम) हलके ढवळत ३० मिनिटे बुडवा. तपकिरी थर निघून खाली स्वच्छ लख्ख पिवळा रंग येतो. हा वेळ वाढवू नका, कारण अल्कली बिस्मथ व्हॅनाडेटलाही खाते. भरपूर पाण्याने धुऊन वाळवा. काचेवरचा थोडा थर खरवडून तिथे क्लिप लावा. क्लिप द्रावणाला टेकता कामा नये.

चौथी पायरी: गळती मोजणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

मोजमापाचा बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण): ०.५ मोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ७. १०० मिलीला डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ५.३६ ग्रॅम आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २.६२ ग्रॅम. शेवटचा निवाडा पीएच मीटरचा. दुसऱ्या बाटलीत हाच बफर घेऊन त्यात १ मोलर सोडियम सल्फाइट (१०० मिलीला १२.६ ग्रॅम) घाला.

सल्फाइटची युक्ती अशी: त्याचे ऑक्सिडेशन इतके सोपे आहे की पृष्ठभागावर आलेला जवळजवळ प्रत्येक होल कामी येतो. म्हणजे सल्फाइटमधला प्रवाह हा पृष्ठभागाचा दोष वगळून मिळालेला प्रवाह. एकाच नमुन्यावर, एकाच दिव्याखाली, एकाच विभवाला दोन्ही मोजा. पाण्यातला (म्हणजे नुसत्या बफरमधला) प्रवाह भागिले सल्फाइटमधला प्रवाह, ही पृष्ठभागाची कार्यक्षमता. सल्फाइटमधला प्रवाह भागिले शोषणावरून काढलेला प्रवाह (शोषलेला सगळा प्रकाश कामी आला असता तर मिळाला असता तो), ही विलगीकरणाची कार्यक्षमता.

समजा शोषणावरून ४.५ मिलिअँपिअर निघाले, सल्फाइटमध्ये ३.० आणि पाण्यात ०.७५. विलगीकरण ६७ टक्के, पृष्ठभाग २५ टक्के. या नमुन्याला डोपिंग करणे म्हणजे पाय मोडला असताना डोक्याला मलम. उत्प्रेरक लावा. आता दुसरा नमुना: शोषण तेवढेच, सल्फाइटमध्ये ०.९, पाण्यात ०.५. इथे पृष्ठभाग ५६ टक्क्यांवर आहे, पण विलगीकरण फक्त २० टक्के. याच्यावर कितीही चांगला उत्प्रेरक लावला तरी ०.९ च्या वर जाणार नाही.

यात फसायच्या चार जागा आहेत.

पहिली, पीएच. सल्फाइट घातल्यावर बफरचा पीएच वर सरकतो. घातल्यानंतर पुन्हा मोजा आणि आरएचईच्या (हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेतल्या विभवाच्या) गणितात तोच आकडा घ्या: रेफरन्सवरचे विभव अधिक ०.०५९ गुणिले पीएच अधिक ०.१९७ (संपृक्त पोटॅशियम क्लोराइडचा रेफरन्स असेल तर). पीएच ७ ला १.२३ व्होल्ट आरएचई म्हणजे रेफरन्सवर ०.६२.

दुसरी, क्रम. आधी पाण्यात मोजा, मग सल्फाइटमध्ये. उलट केले आणि सच्छिद्र थरात सल्फाइट अडकून राहिले, तर पाण्यातला प्रवाह खोटा फुगतो. सल्फाइट ताजे हवे, हवेत त्याचे सल्फेट होते.

तिसरी, दिवा. झेनॉन दिव्यात अतिनील भाग जास्त असेल तर बिस्मथ व्हॅनाडेट फुकटचे गुण मिळवते. एएम १.५ जी फिल्टर लावा, प्रमाणित सौर घटाने तीव्रता नमुन्याच्याच जागी तपासा, आणि जमल्यास तरंगलांबीनुसार क्वांटम कार्यक्षमता (किती फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन मिळाले ते) मोजून तिच्या बेरजेशी प्रवाह ताडून बघा. दोन्हींत मोठा फरक निघाला तर दिव्याचा आकडा खोटा समजा.

चौथी, शोषण. सच्छिद्र थर प्रकाश विखुरतो. साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला विखुरलेला प्रकाशही शोषलेला वाटतो. इंटिग्रेटिंग स्फिअर (विखुरलेला प्रकाशही गोळा करणारा पोकळ गोल) वापरा, नाहीतर विलगीकरणाचा आकडा विनाकारण कमी दिसेल.

आणखी एक फुकटची तपासणी: प्रकाश एकदा थराच्या बाजूने आणि एकदा काचेच्या बाजूने टाका. काचेकडून लक्षणीय जास्त प्रवाह आला तर इलेक्ट्रॉन अडखळताहेत, कारण तिकडून ते एफटीओच्या जवळ जन्माला येतात. थराकडून जास्त आला तर होलची अडचण आहे. डोप न केलेल्या नमुन्यात बहुधा काचेची बाजू जिंकते.

दुरुस्ती: विलगीकरण कमी असेल तर

इलेक्ट्रॉन अडखळत असतील तर मॉलिब्डेनम. व्हॅनेडियमच्या जागी जास्त संयुजेचा अणू बसला की वहनासाठी इलेक्ट्रॉन वाढतात. वरच्या १० मिली व्हॅनेडियम द्रावणात १३ मिलिग्रॅम मॉलिब्डेनिल ॲसिटिलॲसिटोनेट म्हणजे २ टक्के. १, २ आणि ३ टक्के अशी मालिका करा. पुढे जाण्यात सहसा राम नाही. अशुद्धींवरच पुनर्मीलन वाढते. टंगस्टनही चालते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २०१३ मध्ये स्प्रे पायरोलिसिसने (गरम काचेवर द्रावण फवारून) टंगस्टनचे प्रमाण थरात उतरते ठेवले, त्यामुळे विद्युतक्षेत्र थरभर पसरले. वर कोबाल्ट-फॉस्फेट उत्प्रेरक आणि मागे सिलिकॉनचा सौर घट जोडून त्यांनी बाहेरच्या विजेशिवाय ४.९ टक्के सौर-हायड्रोजन कार्यक्षमता दाखवली.

होल एफटीओकडे पळून तिथेच विझत असतील तर मधे टिन ऑक्साइडचा पातळ थर द्या. हा थर स्प्रे पायरोलिसिसने उत्तम होतो, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या पातळ थरांवर दीर्घकाळ काम झालेल्या ठिकाणी त्याची सामग्री आणि जाणकार दोन्ही हाताशी असतात. टंगस्टन ऑक्साइडचा खालचा थरही लोकप्रिय आहे, त्याने प्रवाह खरोखर वाढतो. पण तो उदासीन आणि अल्कली द्रावणात हळूहळू विरघळतो, आणि वरचा थर सच्छिद्र असेल तर द्रावण त्याच्यापर्यंत पोहोचतेच. पहिल्या तासाचे आकडे बघून खूश होऊ नका.

दुरुस्ती: पृष्ठभाग आळशी असेल तर

आयर्न ऑक्सीहायड्रॉक्साइड आणि त्यावर निकेल ऑक्सीहायड्रॉक्साइड, अशी जोडी लावा. लोखंडाचा थर बिस्मथ व्हॅनाडेटशी चांगला जुळतो आणि सांध्यावरचे पुनर्मीलन कमी ठेवतो. निकेलचा थर द्रावणाकडच्या बाजूला चांगला. क्रम उलटला की फायदा घटतो.

फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट १०० मिलीला २.७८ ग्रॅम (०.१ मोलर). त्याआधी पाण्यातून चांगला तासभर नायट्रोजन सोडा आणि नंतरही चालू ठेवा. द्रावण फिकट हिरवे हवे. पिवळसर झाले म्हणजे लोखंड हवेनेच ऑक्सिडाइझ झाले, आणि थरावर नुसता गंज बसेल. प्रकाश काचेच्या बाजूने, रेफरन्सवर ०.२५ व्होल्ट. प्रकाशाने निक्षेपण करण्याचा मुद्दा हा की उत्प्रेरक नेमका तिथेच बसतो जिथे होल बाहेर येतात. वेळ मोजू नका, विद्युतभार मोजा: २०, ४० आणि ६० मिलिकूलंब प्रति चौ. सेंमीचे तीन नमुने करून निवडा. शेवटी अंधारात १.२ व्होल्टवर १ मिनिट, म्हणजे उघडी राहिलेली एफटीओही झाकली जाते.

निकेलसाठी निकेल सल्फेट हेक्झाहायड्रेट १०० मिलीला २.६३ ग्रॅम, पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने ६.६ च्या आसपास, ०.११ व्होल्ट, आणि शेवटचा अंधारातला १ मिनिट तसाच. हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घाला. हिरवा गढूळपणा आला तर निकेल हायड्रॉक्साइड खाली बसले, द्रावण नवे करा.

जाड उत्प्रेरक म्हणजे चांगला उत्प्रेरक नव्हे. लोखंडाचा जाड थर स्वतः प्रकाश गिळतो, आणि त्यात साठलेले होल मागे येऊन पुनर्मीलनात संपतात. लेप दिल्यावर पाण्यातला वक्र सल्फाइटच्या वक्राच्या जवळ सरकला की काम झाले. किम आणि चोई यांच्या मूळ प्रयोगात ०.६ व्होल्ट आरएचईला २.७३ मिलिअँपिअर मिळाले होते.

०.६ व्होल्टचाच आकडा का? १.२३ व्होल्टवरचा प्रवाह छापायला छान दिसतो, पण बाहेरच्या विजेचा वाटा वजा करणारे सूत्र (१.२३ वजा विभव) गुणिले प्रवाह असे असल्याने तिथे कार्यक्षमता बरोबर शून्य येते. ०.६ ला २.७३ म्हणजे १.७ टक्के. तुलना करायची तर कमी विभवाच्या भागात करा.

वायू आणि टिकाऊपणा

प्रवाह म्हणजे ऑक्सिजन असे धरून चालू नका. ताज्या निकेल-लोखंडाच्या थराचे स्वतःचे ऑक्सिडेशनही प्रवाह देते. हवाबंद सेलमध्ये वायू मोजा. ३ मिलिअँपिअर तासभर चालले तर हिशेबाने हायड्रोजन ५६ मायक्रोमोल (२५ अंशांना सुमारे १.४ मिली) आणि ऑक्सिजन २८ मायक्रोमोल निघाला पाहिजे. दोन्ही कमी असतील तर ऑक्सिजन प्लॅटिनमवर परत पाणी होतोय; हायड्रोजन पूर्ण आणि ऑक्सिजनच कमी असेल तर इलेक्ट्रोड स्वतःच ऑक्सिडाइझ होतोय. मधे मेम्ब्रेन लावून पुन्हा बघा. ऑक्सिजनसोबत नायट्रोजन दिसला तर हवा आत शिरतेय.

सलग चालवताना सर्वात आधी व्हॅनेडियम द्रावणात उतरते. चोई यांच्याच गटाने २०१८ मध्ये पीएच ९.३ च्या बोरेट बफरमध्ये आधीच व्हॅनेडियम विरघळवून ठेवले, म्हणजे इलेक्ट्रोडमधून बाहेर पडायला त्याला वावच उरला नाही, आणि इलेक्ट्रोड ५०० तास चालला.

प्रवाह उतरला की नमुना फेकू नका. धुऊन पुन्हा सल्फाइटमध्ये मोजा. सल्फाइटचा प्रवाह पहिल्याइतकाच असेल तर सेमीकंडक्टर शाबूत आहे आणि उत्प्रेरक सुटला आहे. त्याच काचेवर लोखंड-निकेल पुन्हा बसवा. सल्फाइटचाही प्रवाह पडला असेल आणि पिवळा रंग फिकट झाला असेल तर थरच विरघळला. अशा वेळी नवी काच घ्या, आणि बफर आधी बदला.